दास्यमुक्तीचे पुण्य कोणाच्या पदरी?

इंग्रजांनी गुलामगिरी नष्ट केली, म्हणून त्यांच्या साम्राज्याचे शंभर अपराध पोटात घालावेत, हा युक्तिवाद लंडनमध्ये होतो यात नवल नाही. नवल याचे की, आपल्याकडील आंग्लविद्याविभूषित मंडळीही त्यावर माना डोलावतात. तेव्हा या पुण्याचा जमाखर्च एकदा तपासलेला बरा.

1832 च्या सुधारणा कायद्याने ओल्ड सॅरमसारखे ओसाड मतदारसंघ बुडाले, मँचेस्टरला प्रतिनिधी मिळाले. त्याच वर्षी जमैकात सॅम्युएल शार्प या बंडखोर गुलामाला फाशी दिले गेले. नव्या पार्लमेंटने 1833 मध्ये दास्यमुक्तीचा कायदा केला. त्यामागे विल्बरफोर्स आदींची दीर्घ तपश्चर्या होती, हे नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पण भरपाई कोणाला? दोन कोटी पौंड मिळाले ते मालकांना! ज्यांच्या पाठीवर आसूड ओढले गेले, त्यांच्या हाती एक छदामही पडला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली त्यांना 1838 पर्यंत त्याच मळ्यांवर राबविले गेले. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख तर या कायद्यातून चक्क वगळण्यात आला होता.

लिव्हरपूलचे धनाढ्य व्यापारी जॉन ग्लॅडस्टन यांचेच उदाहरण घ्या. त्यांचे चिरंजीव विल्यम, म्हणजे पुढे चार वेळा पंतप्रधान झालेले उदारमतवादाचे मेरुमणी, 1833 मध्ये पार्लमेंटात पित्याच्या मळ्यांची कड घेऊन बोलले. पिताजींना अडीच हजारांवर गुलामांपोटी एक लाख पौंडांहून अधिक भरपाई मिळाली. एवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. मोकळे होणारे गुलाम मळ्यावर टिकणार नाहीत, हे ओळखून त्यांनी 1836 मध्ये कलकत्त्याच्या एका पेढीला पत्र धाडून मजूर मागविले. छोटा नागपूरचे वनवासी आणि इतर मिळून सुमारे चारशे जण ‘व्हिटबी’ व ‘हेस्पेरस’ या जहाजांत भरले गेले. मे 1838 मध्ये ते ब्रिटिश गियानात उतरले. ऑगस्टमध्ये गुलाम मुक्त झाले. जुने जू रिकामे होण्याआधीच नवी मान हजर!

हा क्रम योगायोगाचा म्हणायचा काय? त्या मजुरांना फटके मारले गेल्याची प्रकरणे गुलामगिरीविरोधी चळवळीतील इंग्रजांनीच उघडकीस आणली. काही काळ भरती थांबली आणि मळेवाल्यांचा आग्रह होताच पुन्हा सुरू झाली. आपली कोकणची माणसेही याच कराराने मॉरिशसला गेली. गोपाळ कृष्ण गोखले यांनी 1912 मध्ये कायदेमंडळात ही प्रथा बंद करण्याचा ठराव मांडला, तेव्हा सरकारने तो मतांच्या बळावर फेटाळला. भरती थांबली ती 1917 मध्ये, महायुद्धाच्या धामधुमीत.

मालकांना देण्यासाठी काढलेले कर्ज ब्रिटिश करदात्यांनी 2015 पर्यंत फेडले. 2018 मध्ये तेथील अर्थखात्याने ही गोष्ट मोठ्या अभिमानाने जनतेला सांगितली. त्या करदात्यांत गुलामांचे वंशज होते आणि गिरमिटियांचेही. ग्लॅडस्टन घराण्याच्या वंशजांनी 2023 मध्ये गयानात जाऊन दोन्ही पापांची जाहीर क्षमा मागितली. आपल्याकडील माना डोलावणे मात्र अद्याप थांबलेले नाही.