‘विसरून जा’ म्हणण्याआधी

दंगल, अपघात किंवा घरातली मारहाण पाहिलेलं मूल कित्येक महिन्यांनंतरही दार वाजलं की दचकतं. घरचे म्हणतात, ‘सब्र कर, विसरून जा.’ पण सांगितलं म्हणून मेंदू विसरत नाही.

अमिग्डाला हा मेंदूतला बदामाएवढा भाग धोक्याचा इशारा देतो. आघातानंतर त्याला साधा आवाजही धोका वाटू शकतो. त्याला आवर घालतो कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, आणि तो तर विशीतही घडतच असतो.

ज्युडिथ कोहेन, अँथनी मॅनरिनो आणि एस्थर डेब्लिंगर यांनी मुलांसाठी घडवलेल्या थेरपीत साधारण १२ ते १६ बैठका असतात. मूल आधी स्वतःला शांत करायला शिकतं, मग घडलेलं थोडं थोडं सांगतं. आई-वडील किंवा सांभाळणारं माणूसही त्यात सामील असतं. मला हेच सगळ्यात मोलाचं वाटतं.

मी सॉफ्टवेअरवाला. मला वाटायचं, फाइल डिलीट करावी तशी आठवण पुसत असतील. तसं नाही. जुनी भीती राहते. ‘आता धोका नाही’ हा नवा धडा तिच्यावर वरचढ ठरतो. उपचारानंतर मुलांच्या स्कॅनमध्ये या भागांच्या कामात बदल दिसले आहेत. अभ्यास अजून छोटे आहेत, हेही खरं.

दुआ जरूर करा. पण धाकटा भाऊ किंवा बहीण अशी गप्प झाली असेल, तर अम्मी-अब्बांशी तुम्हीच बोला आणि टेली-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर लावा. तो २४ तास सुरू असतो, मराठीतही बोलता येतं.