तुरुंगातल्या वर्गात कोण पास होईल?

गुन्ह्यात सापडून सुधारगृहात किंवा तुरुंगात आलेल्या तरुण मुलांपैकी दहावी-बारावी कोण पास होईल, हे आधीच सांगता येईल का? प्रश्न वरवर शिक्षण खात्याचा वाटतो. पण त्यासाठी वापरली जाणारी मोजमापे, म्हणजे बुद्ध्यंक, एकाग्रता, वाचनाची पातळी, आम्हा डॉक्टरांच्या टेबलावरून जातात. म्हणून दोन शब्द.

अंदाज काही प्रमाणात बांधता येतो. मुलगा आधी कितवीपर्यंत शिकला आणि आज सलग किती वाचू शकतो, या दोन गोष्टी बरेच सांगून जातात. अडचण त्यानंतर सुरू होते. शिक्षक कमी, जागा कमी. मग 'ज्याला जमेल त्यालाच बसवा' असे ठरते आणि ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच वर्गाबाहेर राहतो.

हिमोग्लोबिन कमी आले म्हणून आम्ही रुग्णाला घरी पाठवत नाही. ते का कमी झाले हे शोधून उपचार करतो. चाचणीतल्या कमी गुणांकडेही तसेच पाहायला हवे. चौथीत शाळा सुटलेल्या, घरी वेगळीच बोली बोलणाऱ्या मुलाला प्रमाण मराठीतली चाचणी दिली, तर त्या आकड्यात बुद्धीबरोबर हुकलेली शाळाही मोजली जाते.

शिवाय यामागे उपचार करण्याजोगी कारणे असू शकतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतील अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात तुरुंगातील तरुणांमध्ये एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता आणि लक्ष न लागणे, याचे प्रमाण बाहेरच्यांच्या सुमारे पाचपट आढळले. त्यात डिस्लेक्सिया, डोक्याला लागलेला जुना मार, नशा, कमी ऐकू येणे आणि कधीच न तपासलेला चष्म्याचा नंबर यांची भर घाला. यांतले एकही कारण 'अभ्यासात रस नाही' या शेऱ्यात दिसत नाही.

हे सगळे कशासाठी करायचे? अमेरिकेतील रँड संस्थेने २०१३ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले. तुरुंगात शिक्षण घेतलेल्यांत पुन्हा गुन्ह्याकडे वळण्याचे 'ऑड्स' ४३ टक्क्यांनी कमी दिसले. शिकायला स्वतःहून पुढे येणारे मुळातच वेगळे असतात, ही शंका रास्त आहे. तरीही फायदा समाजाचाच आहे, हे नाकारता येत नाही.

आपल्याकडे कायद्याची तजवीज आहे. बाल न्याय कायदा २०१५ नुसार प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक काळजी योजना करायची असते. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे. दहावीच्या परीक्षेत अशा मुलांना जादा वेळ, लेखनिक मिळतो. पण त्यासाठी प्रमाणपत्र लागते. घरच्या मुलासाठी पालक रुग्णालयाच्या खेपा घालतात. कोठडीतल्या मुलासाठी कोण घालणार?

म्हणून दाखल होतानाच्या वैद्यकीय तपासणीत वजन-रक्तदाबाबरोबर डोळे, कान, डोक्याला मार लागल्याचा इतिहास आणि एक परिच्छेद वाचून घेणे, एवढे तरी सक्तीचे करावे. ही नोंद बदली झाली तर मुलाबरोबर जावी, जामिनावर सुटला तर त्याच्या हाती द्यावी. नाहीतर अर्धवट राहिलेला अभ्यासक्रमही त्याच्याच नावावर नापास म्हणून जमा होतो.

भाकीत जरूर करा. मात्र ज्याचे भाकीत वाईट येईल, त्याला पहिल्या बाकावर बसवा.