काचेवरचा तडा आणि पासिंगचा दिवस

आमचे वटार गाव पश्चिमेला, समुद्राच्या अंगाला. रेल्वे स्टेशन आणि महामार्ग पूर्वेला. त्यामुळे सकाळी गावातून निघालेली गाडी उगवत्या सूर्याकडे तोंड करून जाते आणि संध्याकाळी परतताना मावळता सूर्य पुन्हा समोरच! दोन्ही वेळा जवळजवळ आडवे किरण ड्रायव्हरच्या डोळ्यांत शिरतात.

आमच्या शेजारच्या काकांचा भाजीचा टेंपो आहे. मार्च महिन्यात महामार्गावर खडीचा एक खडा उडाला आणि टेंपोच्या पुढच्या काचेवर हरभऱ्याएवढी खूण पडली. तिला चार बारीक पाय फुटले होते. "काका, आताच भरून घ्या," मी म्हटले. "पासिंग सप्टेंबरात आहे, सर. तेव्हा बघू." एप्रिलच्या एका दुपारी त्यांनी तापलेल्या काचेवर विहिरीचे गार पाणी मारले, आणि त्यातला एक पाय वीतभर धावला.

असे का झाले? गार पाण्याने काचेचा वरचा थर आकसू पाहतो, आतला थर मात्र गरमच असतो. वरच्या थरात ताण निर्माण होतो, आणि तो तड्याच्या अणकुचीदार टोकाशी एकवटतो. ठिसूळ पदार्थ असे का फुटतात, याचे गणित ग्रिफिथ या इंग्रज अभियंत्याने १९२०च्या सुमारास मांडले. पुढच्या काचेत दोन तावांमध्ये चिवट प्लास्टिकचा पापुद्रा असतो. त्यामुळे फुटलेले तुकडे अंगावर येत नाहीत. पण वरच्या तावातला तडा त्याने थांबत नाही.

खूण लहान असते तेव्हा कारागीर तिच्यातली हवा शोषून घेतो, पातळ राळ भरतो आणि अतिनील प्रकाशाने ती कडक करतो. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.५, हवेचा १. राळेचा काचेच्या जवळचा, म्हणून प्रकाश भरलेल्या जागेतून जवळजवळ सरळ जातो. वीतभर तड्याला मात्र काच बदलणे हाच उपाय.

पासिंग हवेच, याबद्दल माझे दुमत नाही. पण १९८९च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत पुढच्या काचेतून निदान ७० टक्के प्रकाश पार व्हावा असे म्हटले आहे, आणि तडा प्रकाश फारसा अडवतच नाही. तो प्रकाश विखुरतो! कचेरीच्या वेळात, सूर्य डोक्यावर असताना, तीच काच ठीकठाक वाटते. माझ्या मते तपासणाऱ्याने ड्रायव्हरच्या जागी बसावे, समोर दिवा लावावा आणि मग काचेतून पाहावे.

मे महिन्यात एका संध्याकाळी मी काकांच्या शेजारी बसून परतत होतो. वळणावर सूर्य समोर आला आणि सारा तडा पेटल्यासारखा झाला. सायकलवरचा एक मुलगा आम्हांला दिसला तो अगदी दहा-बारा हातांवर. ब्रेक लागले, मुलगा निघून गेला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी काच बदलली.

तुम्हांला हे घरी पाहता येईल. ओरखडे पडलेले डब्याचे पारदर्शक झाकण घ्या. आधी त्यातून उजेडातले पुस्तक वाचा. मग त्याच उजेडात पुस्तकाशेजारी तुमच्याकडे तोंड करून पेटता टॉर्च ठेवा आणि पुन्हा वाचून पाहा. सूर्याकडे मात्र झाकणातून कधीही पाहू नका.