गाडी दोन इंच उंच झाली, पण मागच्या सीटचं काय?

आमच्या दादाने, म्हणजे मावसभावाने, त्याच्या थारला नवीन शॉकअप बसवले तेव्हा सगळ्या घराने कौतुक केलं. गाडी दोन इंच उंच झाली, चाकांमागे जाडजूड रंगीत नळ्या दिसायला लागल्या, फोटोही झक्कास आले. मग सगळे स्पितीला निघाले. ग्रांफूवरून बातलकडे जाताना गोटे आणि नाले सुरू झाले, तशी मागे बसलेली मावशी आधी गप्प झाली, मग पाठीला उशी लावली आणि शेवटी म्हणाली, ‘‘अरे, यापेक्षा आपली एसटी बरी होती रे.’’ काझाला पोहोचल्यावर पाहिलं, तर मागच्या उजव्या शॉकअपमधून तेल गळत होतं.

तुम्हीही थार, जिम्नी किंवा जुनी जिप्सी घेऊन डोंगरात जायचं ठरवत असाल, तर पैसे देण्याआधी एक गोष्ट समजून घ्या. गाडीचं वजन शॉकअप उचलत नाही, ते स्प्रिंग उचलते. दणका बसला की स्प्रिंग दबते आणि उसळते. शॉकअप नसेल तर ती उसळतच राहील. शॉकअपच्या आत तेल असतं आणि बारीक भोकं असलेला पिस्टन असतो. त्या भोकांतून तेल जाताना पिस्टनला अडवतं, म्हणून उसळी थांबते आणि तिचा जोर उष्णतेत बदलतो. खडबडीत रस्त्यावर तासभर गाडी चालली की शॉकअप चांगलेच तापतात ते म्हणूनच. तेल फार तापलं, त्यात फेस झाला की पकड सुटते. मग चाक जमिनीवर टिकत नाही आणि ब्रेकही उशिरा लागतो. म्हणजे प्रश्न फक्त पाठदुखीचा नाही.

घरातली किती माणसं, किती सामान?

दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ब्रँडचा विचारू नका. एका कागदावर लिहा : गाडीत नेहमी किती जण असतात, सामान किती, छतावर तंबू किंवा कॅरिअर आहे का. दादाला गॅरेजवाल्याने कायम दोन-अडीचशे किलो जादा सामान वाहणाऱ्या गाडीची कडक स्प्रिंग आणि तिला साजेसे कडक शॉकअप दिले. ‘हेवी ड्युटी आहे, बेस्ट आहे,’ असं सांगून. गाडीत मात्र तिघं जण आणि दोन बॅगा. एवढ्या वजनाने ती स्प्रिंग दबलीच नाही, सगळे दणके थेट सीटपर्यंत आले. कंपनीची स्प्रिंग चांगली असेल आणि वजन वाढवलेलं नसेल, तर बऱ्याचदा फक्त चांगले शॉकअपच पुरतात. (पुढे लोखंडी बुल बार लावून वजन वाढवायचा विचार असेल तर तो सोडा. 2017 मध्येच केंद्राने त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलं आहे.)

आता प्रकार. ट्विन ट्यूब म्हणजे नळीत नळी. हे स्वस्त असतात, घरच्या वापराला मऊ लागतात आणि बाहेरून दगड लागून थोडा पोचा आला तरी बहुतेक वेळा चालत राहतात. तापतात मात्र लवकर. मोनो ट्यूबमध्ये एकच नळी असते आणि त्यात तेल व दाबाखालचा नायट्रोजन वेगळे ठेवलेले असतात. हे लवकर थंड होतात, लांबच्या खडबडीत प्रवासात टिकतात. पण महाग असतात आणि नळीला खोल पोचा आला तर पिस्टन अडकू शकतो. बाजूला वेगळी तेलाची टाकी असलेले शॉकअप फोटोत फार छान दिसतात, पण ते तासन् तास वेगात वाळवंट तुडवणाऱ्यांसाठी आहेत. वर्षातून दोनदा डोंगरात जाणाऱ्या कुटुंबाने ते पैसे चांगल्या टायरवर घालावेत, असं माझं मत.

गाडीप्रमाणेही फरक पडतो. जिप्सीला पुढेमागे पाटे असतात आणि पाटे एकमेकांवर घासून थोडी उसळी स्वतःच कमी करतात. जिम्नीला पुढेमागे अखंड अ‍ॅक्सल आणि कॉइल स्प्रिंग. 2020 नंतरच्या थारला मागे अखंड अ‍ॅक्सल आहे, पण पुढची चाकं स्वतंत्र हलतात. तिथे उंची वाढवली की ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो आणि त्यांचे रबरी बूट लवकर फाटतात. म्हणून ‘जिम्नीला बसलं, थारलाही बसेल’ असं कोणी म्हणालं तर हसून पुढे चला.

टेप घेऊन गाडीखाली

दादाच्या शॉकअपला गळती का लागली? तो जास्त लांब होता. खड्ड्यात चाक पूर्ण वर गेलं की आधी रबराचा बंपस्टॉप टेकायला हवा. इथे त्याआधीच शॉकअप मिटून आपटत होता, म्हणून सील गेलं. बसवण्याआधी मेकॅनिकला स्प्रिंग काढून अ‍ॅक्सल वर उचलायला सांगा. बंपस्टॉप पूर्ण दबलेला असताना शॉकअपच्या वरच्या आणि खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. मिटलेला शॉकअप त्याहून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटरने तरी आखूड हवा. मग चाक पूर्ण खाली लोंबकळू द्या आणि ब्रेकचा पाइप, एबीएसची वायर ताणली जात नाही ना ते बघा. हे काम अर्ध्या तासाचं. पण ‘सगळं फिट होतं मॅडम’ म्हणणारे ते करत नाहीत, हा माझा अनुभव.

ट्विन ट्यूब शॉकअप खोक्यात आडवे पडून आलेले असतात, त्यामुळे आतल्या नळीत हवा शिरते. बसवण्याआधी ते उभे धरून चार-पाच वेळा दाबून सोडायचे. आडव्या बोल्टचे रबरी बुश असतील तर ते बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन त्यांवर आल्यावरच आवळायचे. नाहीतर बुश कायम पिळलेले राहतात आणि लवकर फाटतात. त्यानंतर अलाइनमेंट करा, आणि उंची बदलली असेल तर हेडलाइटही खाली करून घ्या. समोरून येणाऱ्यांचे डोळे वाचतील. पाचेकशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा.

फिरवायची चकती असलेले शॉकअप घेतले असतील तर मधल्या आकड्यावर सुरुवात करा. डावा-उजवा सारखाच ठेवा, एका वेळी एकच बदल करा आणि त्याच रस्त्यावर, तेवढ्याच माणसांसह पुन्हा चालवा. आकडे वहीत लिहा. गाडी दणक्यानंतर होडीसारखी डुलत राहिली, तर शॉकअप परत उघडताना फार मोकळा सुटतोय. याची उलट बाजू फसवी आहे. पन्हाळीच्या पत्र्यासारख्या रस्त्यावर गाडी सुरुवातीला ठीक वाटते, मग दर मिनिटाला कडक होत जाते. तिथे शॉकअप परत उघडायलाच उशीर लावतोय. चाक खाली यायच्या आत पुढचा दणका येतो आणि गाडी हळूहळू खाली बसत जाते. अशा वेळी आणखी कडक करू नका, मोकळं करा. मावशीच्या पाठीचं अर्धं दुखणं इथेच होतं.

टायरची हवाही विसरू नका. गोट्यांवर आणि वाळूवर ती कमी केली की बराच फरक पडतो, पण हवा भरायचा छोटा पंप सोबत हवाच. डांबरी रस्ता लागला की आधी हवा भरा.

मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. कंपनीच्या मापाचेच शॉकअप बदलणं वेगळं आणि लिफ्ट किट लावणं वेगळं. वॉरंटी आणि विम्याबद्दल आधी लेखी विचारून घ्या, तोंडी ‘काही होत नाही’ चालत नाही.

दादाने परत आल्यावर कडक स्प्रिंग विकून टाकल्या, कंपनीच्या लावल्या आणि त्यांच्या मापाचे ट्विन ट्यूब शॉकअप घेतले. गाडी आता पूर्वीएवढीच दिसते, फोटोला कोणी लाइक करत नाही. गेल्या महिन्यात मावशी तिच्यातून घाटातून साताऱ्याकडे गेली आणि मागच्या सीटवर झोपली.