आधी फुलांचा दांडा कापा

मैत्रिणींनो, ऑर्किडची पाने सुरकुतली की आपण सगळ्या एकच करतो, पाणी वाढवतो. रोपाला तहान लागलेली असतेच, पण पाणी ओढायला मूळ कुठे उरलेय? ती सडलेली असतात.

माझे मत काहींना कठोर वाटेल. अशा रोपाला फुले असतील तर दांडा आधी कापा. उरलासुरला साठा फुलांवर खर्च झाला तर मुळांना काय मिळणार? दिवाळीत भेट आलेली फॅलेनॉप्सिस वाशी-नेरूळच्या घरांत याच मोहापायी जाते. कापलेली फुले पाण्यात बरेच दिवस टिकतात, हळहळू नका.

मग रोप बाहेर काढून मुळे बोटांनी चाचपा. घट्ट असतील ती ठेवा. पोकळ, मऊ झालेली गॅसवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. मधोमध ओल्या शेवाळाचा गोळा दडवलेला असतो, तो काढाच. आणि तुळशीच्या कुंडीतली माती तर मुळीच नको! ही झाडावर वाढणारी जात. आपल्या सह्याद्रीतली सीतेची वेणीसुद्धा झाडाच्या सालीला धरून, वाऱ्यावर मुळे सोडून जगते. नारळाच्या सोडणाचे धुतलेले तुकडे आणि थोडा कोळसा पुरे. नवे मूळ येईपर्यंत खत बंद.

पावसाळ्यात आपल्याकडे हवाच ओली. मुळे चंदेरी दिसली तरच पाणी घाला, हिरवी असताना नाही. नव्या मुळाचे टोक दिसायला कधी कधी महिने जातात. तोवर रोप रोज उपटून बघणाऱ्या घरातल्या उत्साही मंडळींना जरा लांब ठेवा.