भेदरलेल्या लेकराला ताई सांभाळते. ताईला कोण सांभाळणार?

31 ऑगस्ट 2019. शिरपूर तालुक्यातल्या वाघाडीजवळ रसायनाच्या कारखान्यात स्फोट झाला. किमान 13 जीव गेले. 4 जुलै 2023. मुंबई-आग्रा महामार्गावर पळासनेरजवळ भरधाव कंटेनर हॉटेलात घुसला. किमान 10 जण ठार झाले. दोन्ही वेळा मृतांच्या वारसांना मदत जाहीर झाली. मृतांचे आकडे छापून येतात. ज्या घरातला कर्ता माणूस गेला, त्या घरातल्या चार वर्षांच्या लेकराची भीती मात्र कोणत्याच आकड्यात येत नाही.

एवढे लहान मूल आपले दुःख सांगू शकत नाही. ते गप्प होते, झोपेत दचकते, अंथरूण ओले करते, फटाका वाजला की ताईच्या पदराला धरते. कधी कधी खेळातही तोच अपघात पुन्हा पुन्हा मांडते. अशा वेळी ‘हट्टी आहे’ म्हणून ओरडले तर भीती आणखी वाढते. रोज ठरलेली वेळ, ओळखीचे गाणे, शांत आवाज आणि ‘सांग’ म्हणून बळजबरी न करणारे मोठे माणूस मिळाले, तर मूल हळूहळू सावरते. आघाताचे भान ठेवून शिकवणे म्हणजे हेच. खेड्यापाड्यात हे मोठे माणूस म्हणजे बहुतेकदा घरापासून हाकेच्या अंतरावरची अंगणवाडी सेविका.

पण या सेविकेची अवस्था काय आहे? बालवाडीचे शिक्षण, पोषण आहार, वजन-उंची, लसीकरण, गृहभेटी, शिवाय मोबाईलवर पोषण ट्रॅकर. 2023 पासून केंद्राने ‘पोषण भी, पढाई भी’ म्हणत शिक्षणाची अपेक्षा आणखी वाढवली. केंद्राचे मानधन मात्र ऑक्टोबर 2018 पासून सेविकेला 4,500 आणि मदतनिसाला 2,250 रुपये ठरले. राज्य त्यात भर घालते, तरी नाव ‘मानधन’च राहते. सर्वोच्च न्यायालयाने 25 एप्रिल 2022 रोजी सेविका आणि मदतनीस ग्रॅच्युइटीस पात्र असल्याचा निकाल दिला. त्यानंतरही 4 डिसेंबर 2023 पासून महाराष्ट्रातल्या सेविकांना दीर्घ संप करावा लागला आणि ग्रॅच्युइटी ही त्यातली एक मागणी होती.

त्यातही सेविका बहुतेकदा त्याच गावची असते. गेलेला माणूस तिच्या भावकीतला किंवा शेजारचा असू शकतो. स्वतःचे रडू गिळून ती वीस लेकरांना हसवते आणि संध्याकाळी माहिती भरते. दुसऱ्याचे दुःख रोज झेलणाऱ्यालाही त्याची झळ लागते. ती लागली की चिडचिड होते, झोप उडते, मन कोरडे पडते. हा तिच्या स्वभावाचा दोष नाही. व्यवस्थेने एका बाईवर टाकलेल्या ओझ्याचा तो परिणाम आहे.

आपल्या परंपरेत पटाचारा आहे. पती, दोन्ही मुले आणि माहेर गमावून ती भान हरपून फिरत होती. लोक तिला हाकलत होते. बुद्धांनी तिला जवळ येऊ दिले, कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले, ती भानावर आली आणि मग धम्माचे बोलणे झाले. पुढे तीच थेरी अनेक दुःखी स्त्रियांची शिक्षिका झाली. आधी आधार, मग उपदेश, हा क्रम आपण विसरू नये. शिकवणारीलाही आधी आधार मिळावा लागतो.

बाबासाहेबांनी 1928 साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना मांडले की, आईला विश्रांती मिळणे देशाच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा मोठा भार सरकारने उचलावा. हाच न्याय सेविकेला लावा. म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत:

- मोठ्या दुर्घटनेनंतर त्या भागातल्या सेविका-मदतनिसांना मुलांना धीर कसा द्यायचा याचे प्रशिक्षण मिळावे आणि त्यांचेही समुपदेशन व्हावे.
- त्या काळात त्यांच्यावर जादा कामे लादू नयेत, पगारी रजा मिळावी आणि बदली व्यवस्था असावी.
- मानधनाऐवजी वेतन मिळावे.

तरुणांनो, सरकारकडे मागणे आणि आपण करणे या दोन्ही गोष्टी सोबत चालल्या पाहिजेत. आपल्या वस्तीतल्या अंगणवाडीत जा, ताईचे ऐकून घ्या. टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक विहाराच्या फलकावर लावा. हे ठराव ग्रामसभेत मांडा. सेविका मोर्चा काढतील तेव्हा आपला निळा झेंडा त्यांच्या शेजारी दिसला पाहिजे. करुणा फक्त वंदनेत म्हणून भागत नाही.

जय भीम!