हातभर केबलचा प्रश्न

गेल्या खंडेनवमीला नेहमीप्रमाणे उद्यमबागेत फेरफटका मारला. शेड धुऊन-पुसून स्वच्छ, लेथला हळद-कुंकू, दाराला आंब्याचे डहाळे आणि कोपऱ्यातल्या कॉम्प्रेसरच्या टाकीला झेंडूचा भलाथोरला हार. चार ओळखीच्या ठिकाणी पेढे खाल्ले. सवयीने नजर त्या टाकीतून निघणाऱ्या रबरी होजकडे गेली. चारपैकी तीन ठिकाणी कपलिंगच्या मागे साधी क्लिप आणि तिच्यावर बाइंडिंग वायरचे दोन-तीन वेढे! टाकीला हार, पण होजला बांधायला तार तीच, जिने आपण कुंपणाचे खांब बांधतो.

ही नजर मला उगाच लागलेली नाही. २००९ च्या पावसाळ्यात माझा आतेभाऊ एका फाउंड्रीच्या फेटलिंग विभागात चिपिंग हॅमरवर काम करत होता. फाउंड्रीचे नाव लिहीत नाही; मालक आपल्यातलेच, आणि त्यांनी नंतर दवाखान्याचा खर्चही केला. दुपारी हवा चालू असताना होज क्लिपमधून सुटला. पुढचे सगळे दोन श्वासांत झाले. होजचे पितळी टोक सापासारखे वळवळत आले आणि त्याच्या डाव्या डोळ्यावर बसले. तेव्हा तो तेवीस वर्षांचा होता. आज तो चव्हाट गल्लीत स्टेशनरीचे दुकान चालवतो आणि हिशेबाची वही चेहऱ्याच्या उजव्या बाजूला धरून वाचतो. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात एक डोळा गेला आणि दुसरा शाबूत राहिला, तर कमाईच्या क्षमतेत ४० टक्के घट धरली होती. बँकेतला माणूस असल्यामुळे टक्केवारी मला लगेच कळते. ही मात्र मला अजून नीट कळलेली नाही.

या पानावर आपण भाषेचे, शाळांचे, परिपत्रकांचे प्रश्न मांडतो. तिथे आज होजच्या केबलवर अग्रलेख कशासाठी, असे काही वाचक विचारतील. कारण सरळ आहे. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या छोट्या शेडांत मालकही पुष्कळदा आपला असतो आणि येळ्ळूर, मजगाव, पिरनवाडीहून मोटारसायकलवरून येणारा कामगारही आपला असतो. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय इथे नाही.

आधी जोर किती ते पाहू. मी कॉमर्सचा विद्यार्थी, पण एवढे गणित कुणालाही जमेल. एक इंची होजच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे ५ चौरस सेंटिमीटर. आपल्याकडे हवेचा दाब साधारण ७ किलो असतो. म्हणजे त्या टोकावर ३५ किलोचा जोर. होज दोन इंची असला तर क्षेत्रफळ चौपट, जोर १४० किलोच्या पुढे. शिवाय कोंडलेली हवा दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखी असते. पाणी भरलेला पाइप सुटला तर दाब चटकन उतरतो. हवेचा होज टाकी रिकामी होईपर्यंत किंवा कुणी व्हॉल्व्ह बंद करेपर्यंत फटके मारतच राहतो. आणि त्या फटक्यांतून व्हॉल्व्हपर्यंत जायचे कुणी?

यावर जो उपाय आहे त्याला बाजारात व्हिप चेक म्हणतात. पोलादी तारेची विणलेली हातभर केबल, दोन्ही टोकांना स्प्रिंग लावलेले फासे. जोडाच्या अलीकडच्या होजवर एक फासा आणि पलीकडच्या होजवर दुसरा. जोड सुटला तरी होज जागच्या जागी धरला जातो. लहान मापाची केबल काही शे रुपयांत येते. पण नुसती आणून अडकवली म्हणजे काम झाले, असे नाही. मी गेल्या वर्षभरात जिथे जिथे केबल पाहिली, तिथे निम्म्या ठिकाणी ती चुकीची होती किंवा चुकीची लावलेली होती.

माप पहिले. अर्धा ते सव्वा इंच होजसाठी एक सूत जाडीची, साधारण २० इंच लांब केबल चालते. दीड ते तीन इंच होजला दोन सुती, साधारण ३८ इंच लांब हवी. दोन इंची होजवर एक सुती केबल ओढूनताणून बसवलेली मी पाहिली आहे. ती पहिल्याच हिसक्यात तुटायची. आणि बारीक होजवर मोठी केबल घातली तर फासा घट्ट बसत नाही, घसरतो.

दुसरी गोष्ट दाबाची, आणि हीच सर्वांत जास्त विसरली जाते. या साध्या केबली बहुधा २०० पीएसआयपर्यंतच्या, म्हणजे सुमारे १४ किलो दाबाच्या असतात. फाउंड्रीतल्या ७ किलोला त्या पुरतात. पण आपल्या तालुक्यात बोअरवेल मारणाऱ्या गाड्या फिरतात, त्यांतल्या कित्येकांचे कॉम्प्रेसर ३०० पीएसआयचे, म्हणजे २१ किलोचे असतात. दोन इंची होजवर तो जोर सव्वाचारशे किलोच्या घरात जातो. तिथे त्या दाबासाठी बनवलेलीच केबल हवी. पुडक्यावर दाबाचा आकडा नसेल तर ती केबल दुकानदाराला परत द्यावी. "साहेब, सगळीकडे हीच जाते," हे उत्तर ऐकून घेऊ नये.

हायड्रॉलिक प्रेसचे प्रकरण आणखी वेगळे. तिथे तेलाचा दाब २०० किलो असला तर त्यात नवल नाही, आणि हवेसाठी बनवलेली केबल तिथे निरुपयोगी. त्या होजला मोज्यासारखी घट्ट बसणारी, यंत्राच्या अंगाला बोल्टने पक्की केलेली पकड लागते. ती होज बनवणाऱ्याला विचारूनच घ्यावी. नायलॉनची असेल तर ग्राइंडिंगच्या ठिणग्यांपासून दूर ठेवावी. आणि हे लक्षात ठेवावे की ती पकड होजला उडू देत नाही, पण सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी तेलाची चिळकांडी काही ती अडवत नाही. ती चिळकांडी कातडीतून आत शिरते, वर दिसतो एक टिपका. अशा माणसाला मलम लावून घरी न पाठवता तडक सर्जनकडे न्यावे लागते. गळती हाताने चाचपायची आपल्याकडची सवय फार वाईट.

लावताना केबल ताणून लावायची, झोळ ठेवायचा नाही. दाव्याला ढील असली की बैल आधी धाव घेतो आणि मग हिसका बसतो. तसेच इथे होते. क्लॉ कपलिंगच्या भोकांत पिन हवीच. बदली म्हणून साखळी, सुतळी, जुनी क्लचवायर नको. तारेचे तंतू उसवले, स्प्रिंग सैलावली, गंज चढला की केबल फेकून द्यावी. आपल्या गावच्या चार महिन्यांच्या पावसात गंज चढायला वेळ लागत नाही. एकदा हिसका खाल्लेली केबल वरून कितीही चांगली दिसली तरी पुन्हा वापरायची नाही. आणि केबल आहे म्हणून हवा चालू ठेवून जोड सोडणे हा तर शुद्ध वेडेपणा. आधी व्हॉल्व्ह बंद, मग होजमधली हवा मोकळी, मगच पाना.

कायद्याची पाठराखण किती? १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टनुसार विजेवर चालणाऱ्या शेडमध्ये १० कामगार असले की तो कारखाना ठरे. २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि कारखान्याच्या व्याख्येतला हा आकडा २० झाला. १० आणि त्याहून अधिक माणसांच्या जागी मालकाची सर्वसाधारण कर्तव्ये शाबूत आहेत, हे खरे. पण सात-आठ माणसांची शेड, जी उद्यमबागेत गल्लोगल्ली आहे, ती सहसा आधीही या चौकटीबाहेर होती आणि आताही बाहेरच आहे. तिथे तपासायला साहेब येणार नाही. तिथे मालकाची नजर हाच इन्स्पेक्टर.

आता थोडे आमच्या खात्याविषयी. वीस वर्षांत माझ्या टेबलावरून कॉम्प्रेसरची किती कोटेशने गेली, याची मोजदाद नाही. कर्ज देताना आम्ही यंत्राचा विमा मागतो, मालाचा विमा मागतो, जामीनदार मागतो. होजला केबल आहे का, हे मी एकदाही विचारले नाही. आतेभावाचे प्रकरण घरात घडल्यावरही कितीतरी वर्षे विचारले नाही. नियमात नाही ते विचारायचे नाही, ही आमची जुनी सवय! गेल्या दिवाळीपासून मी तोंडी विचारू लागलो आहे. बरेच जण हसतात. दोघांनी कोटेशनमध्ये ओळ वाढवून आणली.

भाषेचाही मुद्दा आहेच. सरकारी कचेरीत मराठीत कागद मिळावा ही आपली मागणी रास्त आहे आणि राहील. फॅक्टरी ॲक्टच्या १०८ व्या कलमात सूचना इंग्रजीबरोबर बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत लावाव्यात, असे म्हटले होते. मग आपल्याच शेडमध्ये कॉम्प्रेसरवरची पाटी फक्त इंग्रजी का? ती मराठीत असावी, कन्नडमध्ये असावी, आणि फेटलिंगला आता ओडिशा-बिहारची मुले असतात, तर हिंदीतही असावी. जे आपण वर मागतो ते आपल्या हाताखालच्याला आधी द्यावे.

कार्यकारिणीच्या बैठकीत मी हा विषय मांडला. एका ज्येष्ठ सभासदांनी विचारले, "चाळीस वर्षांत आमच्याकडे काही झाले नाही, आता का?" त्यांच्याकडे झाले नाही हा त्यांच्या पुण्याईचा भाग असेल. बाकीच्यांनी होकार दिला. मंडळाच्या कार्यालयात एक सुती आणि दोन सुती अशा दोन केबली नमुन्यासाठी ठेवल्या आहेत. कारखानदार सभासदांनी आणि कामगार बंधूंनी संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान येऊन त्या हातात घेऊन पाहाव्यात. येताना होजचे माप आणि कॉम्प्रेसरच्या पाटीवरचा दाबाचा आकडा लिहून आणावा.